वहिनी, गाडीचा दिवा विझला

प्रिय वहिनी,

परवा दुपारी, पापडीत पास्कलच्या गॅरेजच्या दारात, तुझ्या गाडीतला तो लाल दिवा विझला. दोन वर्षं जात होता आणि परत येत होता. आता येणार नाही म्हणे. खरं तर आनंदाची गोष्ट! पण परवापासून मला घास गिळवत नाही. रविवारी तुझी मेधा येणार आहे. तिला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आधी तुला सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर पडायची नाही. म्हणून हे पत्र.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. चोपन्न वर्षं एका घरात काढली, पत्र कशाला लागणार? तू लग्न होऊन वाडीत आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि मी सोळाचा. मी पहिल्या दिवसापासून तुला अगंतुगं केलं, तू पहिल्या दिवसापासून मला ‘अहो भावोजी’. मी पुढे शाळेच्या ऑफिसात कारकून झालो, टक्कल पडलं, निवृत्त झालो, लग्न करायचं राहून गेलं. तुझं ‘अहो’ काही सुटलं नाही.

दादा गेला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की आता गाडी विकणार. चालवणारा गेला, उरलो आपण दोघं, वाडीतल्या घरात एक वहिनी आणि एक दीर. तू काय केलंस? महिन्याभरात नालासोपाऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंस. अठ्ठावन्नाव्या वर्षी! पुढे दादाची मोठी गाडी देऊन छोटी घेतलीस, क्लचपर्यंत पाय पोचेल अशी.

“भावोजी, तुम्हीही शिका.”

“मला नको बाई. मी आपला शेजारी बसून कविता म्हणेन.”

“म्हणा. पण हॉर्न मीच वाजवणार!”

आणि मी खरंच म्हणायचो. शाळेत माझ्या ऑफिसची भिंत चौथीच्या वर्गाला लागून होती. तीस वर्षं त्या भिंतीतून चाळीस पोरांच्या सुरात कविता आल्या, त्या सगळ्या पाठ. केळीच्या वाड्यांमधून तू गाडी काढायचीस आणि मी सुरू व्हायचो. मध्येच म्हैस आडवी आली की तू म्हणायचीस, “आता हिला म्हणून दाखवा, बाजूला होते का बघू.”

आपली वाटणी ठरलेली होती. तू चालवायचीस, मी धुवायचो. दर रविवारी सकाळी मोटर लावून, विहिरीच्या पाण्याचा पाइप घेऊन. नुसती वरून नाही हं! बॉनेट उघडून आतली धूळही. आमच्या वडिलांनी बैलांपासून पंपापर्यंत सगळं त्या विहिरीच्या पाण्यानं धुतलं. तुझी गाडी का नको?

तू ओट्यावरून ओरडायचीस, “भावोजी, बॉनेट कशाला उघडता? आत काय देव बसवलाय?” एकदा तू मला पिवळं फडकं आणून दिलंस, “कोरड्यानं पुसा, पुरे होतं.” मी त्या फडक्यानं माझी सायकल पुसली.

आता ती सकाळ. ती लिहायलाच हवी.

थंडीचे दिवस होते, उजाडत होतं. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालीस, “जबडा दुखतोय. आणि खांदा.” तुझा चेहरा ओल्या मातीसारखा झाला होता. मी मेधाला फोन लावायला निघालो तर म्हणालीस, “फुलपाड्याहून ती येईपर्यंत आपण जाऊन परत येऊ. घाबरेल पोर.” मी रिक्षा बघतो म्हणालो. “एवढ्या सकाळी इथे आत कोण येतंय? चला, बसा.”

आणि बसलीस कुठे? ड्रायव्हरच्या जागेवर!

वहिनी, आजारी माणूस गाडी चालवतंय आणि धडधाकट माणूस शेजारी त्याची पर्स मांडीवर घेऊन बसलाय, असं कुठे असतं का? तुला घाम येत होता, मी पदरानं पुसत होतो. समोर लाल दिवा लागलेला, बॅटरीच्या आकाराचा, अधिक-उणेवाला. तू म्हणालीस, “हा परत लागलाय. पास्कलला दाखवायचं राहिलं या वेळी.” मी म्हणालो, “दिव्याचं काय घेऊन बसलीस!”

बाजाराच्या तोंडाशी पुढचा एक टेम्पो एकदम मागे सरकला, तू ब्रेक मारलास, क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवलीस. टक. पुन्हा फिरवलीस. टक, टक. बस, तेवढंच. पाव वाटणारा सायकलवाला थांबला, भाजीची बाई थांबली, टेम्पोवाला खाली उतरला. तू काचेतून डोकं बाहेर काढून सांगत होतीस, “दुसऱ्या गिअरात टाकते. मी सांगेन तेव्हा ढकला. भावोजी, तुम्ही नको, कंबर जाईल.” मी ढकललं. एकदा, दोनदा. मध्ये तू डोकं स्टिअरिंगवर टेकवून बसलीस. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. पाव तास गेला असेल. जास्तही असेल.

हॉस्पिटलच्या दारात तू गाडी नीट रेषेत लावलीस, हँडब्रेक ओढलास, चावी माझ्या हातात दिलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू गेलीस.

तो पाव तास नसता गेला तर? मेधानं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “असं सांगता येत नाही.” बरं झालं असतं, नाही म्हणाले असते तर. होय म्हणाले असते तरी एकदाचं कळलं असतं.

मेधानं मात्र निकाल लावून टाकला. महिन्यापूर्वी पास्कलनं नवी बॅटरी घातली होती. म्हणजे जुनीच पुसून घातली असणार, असं तिचं म्हणणं. दहाव्याच्या दिवशी पास्कल भेटायला आला. पांढरा शर्ट घातलेला, कधी नव्हे ते हात काळे नव्हते. तुझ्या लेकीनं त्याला गेटवरच अडवलं. सगळे मांडवात बसलेले. “माझ्या आईला तुम्ही मारलंत. आत येऊ नका.”

एवढंच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

तिच्या खांद्यावरून पास्कलनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, अपराधी माणूस असाच बघतो. मी मान खाली घातली. तो परत गेला आणि आम्ही त्याच्याकडे जाणं बंद केलं. पापडीत इतर लोकही दबक्या आवाजात बोलायला लागले असं नंतर कानावर आलं. मी काय केलं? काही नाही. मी तुझ्या फोटोचा हार बदलत होतो.

तू गेल्यावर चार महिन्यांनी मी गाडी शिकलो. सत्तराव्या वर्षी! मास्तर पोरगेलासा होता. म्हणायचा, “आजोबा, आरशात बघा, आभाळात नको.” शिकलो कशासाठी, माहीत नाही. कुणाला न्यायचं होतं आता? रोज संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून झालं की गाडी काढायचो, पापडीपर्यंत जायचो आणि परत.

आणि मग तो दिवा परत लागायला लागला.

चर्चच्या वळणावर. नेहमी तिथेच. झाडांखाली अंधारून यायचं, मी हेडलाइट लावायचो आणि समोर तो लाल ठिपका उमलायचा. घरी आलो, दिवे बंद केले की जायचा. दिवसा कधी नाही. त्याच वळणावर तू मला म्हणायचीस ना, “आता पुरे हं कविता, समोरून बस येतेय”? मला काय वाटलं असेल, सांग.

मी बोलायला लागलो त्याच्याशी. हसू नकोस. “जेवलीस का?” असं काहीतरी. एकदा विचारलं, “मी चालवायला शिकलो नाही म्हणून रागावली आहेस का?” गाडी खड्ड्यातून गेली आणि दिवा एकदम लखकन मोठा झाला. मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. घरी आल्यावर तुझ्या खोलीचा दिवा लावून ठेवला आणि बाहेरच्या खाटेवर निजलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत घड्याळ बघत बसलो, तुला भेटायला जायचं म्हणून! भीती वाटायची आणि जायची ओढही वाटायची. दोन्ही एकदम.

मेधानं ऐकलं की दिवा लागतो, ती गाडी विरारला, फुलपाड्यात, तिच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिथला मुलगा म्हणाला, “अंकल, बॅटरी गेली.” नवी बॅटरी आली. दीड महिना दिवा नाही. ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. मग एके संध्याकाळी वळणावर पुन्हा लाल. वहिनी, मी गाडीत एकटाच मोठ्यानं हसलो! मग म्हणाले, अल्टरनेटर चार्ज करत नाही. अल्टरनेटर बदलला. पुन्हा काही आठवडे काळोख, पुन्हा तू. तिसऱ्यांदा त्यांनी हात टेकले, सगळी वायरिंग काढावी लागेल म्हणाले. मेधा म्हणाली, “काका, विकून टाकू या. ही गाडी मला बघवत नाही.” मी म्हणालो, “राहू दे गं. फक्त एक दिवाच तर लागतो.”

पण गेल्या आठवड्यात तो दिवसाही लागला. आणि परवा सकाळी, गेटमध्येच, चावी फिरवली तर टक. टक, टक.

तोच आवाज, वहिनी! माझ्या मांडीवर तुझी पर्स असल्यासारखं वाटलं. मी उतरून विहिरीच्या कठड्यावर बसलो. दिवा हवा होता मला, हा आवाज नको होता. विरारला फोन करायचं मनात आलं नाही. कोण जाणे का, शेजारच्या पोरांनी ढकलून गाडी लावून दिली आणि मी ती सरळ पास्कलच्या दारात नेली.

पास्कल बाहेर आला. केस पांढरे झालेत त्याचे. “बंद नका करू, भाऊ,” एवढंच म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. बॉनेट उघडलं. मीटर काढलं, एक टोक बॅटरीच्या उण्यावर धरलं, दुसरं इंजिनवर. “इथे काटा हलायलाच नको. बघा किती चढला.” मग एक जाड केबल आणली, एक चिमटा बॅटरीला लावला, एक इंजिनला. “आता आत बघा.”

दिवा गेला होता. हेडलाइट लावले, वायपर लावले, पंखा लावला. नाही.

“बॅटरी चांगली आहे. अल्टरनेटर पन चांगला आहे. अर्थिंग खराब. करंट जातो, परत यायला रस्ता नाही. हेडलाइट लावला की लोड वाढतो, की दिवा लागतो.”

“मग बॅटरी बदलल्यावर जायचा तो?”

“वायर हलते ना, काढताना-घालताना. थोडे दिवस पकडते.”

चर्चच्या वळणावर मी हेडलाइट लावतो. तू लावायचीस तिथेच. बस. एवढंच होतं ते सगळं, वहिनी.

त्यानं बॅटरीचा ट्रे काढला. खाली बॉडीला आवळलेला एक बोल्ट, त्यात वायर. वायर कुठली, हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखा एक गोळा! त्यानं पान्याच्या टोकानं खरवडलं, खपल्या निघाल्या. आणि वर न बघता विचारलं, “अजून धुता तुम्ही? रविवारी?”

“धुतो की.”

“विहिरीच्या पान्यानं? बॉनेट उघडून?”

“आपल्या विहिरीच्या,” मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो, वहिनी!

पास्कल घासत राहिला. मीच विचारलं, “का रे?”

“खारं पानी आहे ते, भाऊ. लोखंड खातं.”

“आमच्या विहिरीचं? शहाळ्यासारखं पाणी आहे आमचं!”

“होतं,” तो म्हणाला. “आता सगळीकडचंच गेलं.”

मग तो बोलला. मी खोदून विचारलं म्हणून बोलला. तू दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्याकडे यायचीस. तो हा बोल्ट घासून, ग्रीस लावून द्यायचा. त्यानं तुला सांगितलं होतं, बाई, विहिरीचं पाणी मारू देऊ नका. आणि तू म्हणाली होतीस, “भावोजींना कसं सांगू? त्यांची विहीर आहे ती. तू घासून देत जा.” त्या शेवटच्या वेळी तो बॅटरी बदलत असताना वायरही बदलायची होती, पण ती नव्हती त्याच्याकडे; आठवड्यानं या म्हणाला होता. तुला मग बरं वाटेनासं झालं, तू गेलीच नाहीस.

“मग दहाव्याला गेटवर का नाही बोललास, पास्कल?”

“तुम्ही समोर बसला होता,” तो म्हणाला. “बाईंनी मला सांगितलेलं, भाऊंना कळू द्यायचं नाही. आनि त्या दिवशी कसं बोलनार? तुमचं तोंड बघितलं मी.”

दोन वर्षं, वहिनी! त्या माणसानं दोन वर्षं ते वाक्य अंगावर वागवलं. कारण तू सांगितलं होतंस. मी त्याला धड ‘बस’सुद्धा म्हणालो नव्हतो.

नवी वायर घालून झाल्यावर म्हणाला, “मेधाला नका सांगू. झालं ते झालं.”

घरी आलो आणि सरळ विहिरीवर गेलो. पोहरा सोडला. ओंजळीत घेतलं आणि प्यायलो. पाहुण्याच्या घरचं पाणी प्यावं तसं, चव बघत. खारट आहे, वहिनी. चक्क खारट!

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. तू गेल्यापासून मला चहाच गोड लागत नाही. मी समजत होतो, दुःखानं जिभेची चव गेली. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना तसं पत्रातही लिहिलं, दोन सुंदर ओळींसकट! तू गेलीस त्या आठवड्यात पाण्याचे जार देणारा आला होता, “बाई नाहीत, आता जार बंद करू ना?” विचारायला. मी म्हणालो, आमच्याकडे जार कुठे येतो? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणजे तू चहाला जारचं पाणी वापरत होतीस! आणि मी पहिल्या घोटाला म्हणायचो, “बघ, विहिरीच्या पाण्याची गोडी!” तू पदर तोंडाला लावायचीस. मेधा येताना स्वतःची बाटली आणते, मला वाटायचं फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे नखरे. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, मेधा लोणच्याची बरणी लपवते. सगळ्यांना माहीत होतं का गं? गावभर माहीत होतं आणि एकट्या मलाच नाही?

मी त्या विहिरीवर कविता केली होती, आठवते? दादाच्या साठीला म्हणून दाखवलेली.

“माझ्या वाडीतली विहीर, तिचं शहाळ्याचं पाणी,
ओंजळ भरून घेता ओठी येती माझ्या गाणी.”

तू सगळ्यांत आधी टाळी वाजवलीस. तेव्हा तुला ठाऊक होतं? तेव्हाही?

का नाही सांगितलंस, वहिनी? तू माझ्या कवितांची टर उडवलीस, सायकलची उडवलीस, टकलाची उडवलीस. याच एका गोष्टीला हात का लावला नाहीस? मी काय एवढा लहान होतो, की पाणी खारं झालं म्हणून रडत बसलो असतो? बसलो असतो बहुधा. दोन दिवस जेवलोही नसतो. तुला ते माहीत होतं. पण मग त्यानंतर मी गाडी कोरड्या फडक्यानं पुसली असती ना गं! आणि त्या सकाळी तू चावी फिरवल्याबरोबर इंजिन लागलं असतं.

असं मी तुझ्यावर रागावून बघतो. दोन मिनिटांच्या वर राग टिकत नाही. बॉनेट कुणी उघडलं? मीच.

काल संध्याकाळी चर्चच्या वळणापर्यंत जाऊन आलो. हेडलाइट लावले. समोर काही नाही. परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा जाताना म्हणालो, “वहिनी, एकदाच.” समोरून बस आली, तिनं मोठ्यांदा हॉर्न दिला. आता तिथे कुणी नाही, हे समजायला मला बहुतेक अजून बरीच वळणं लागतील.

पण मेधाचं काय करू? माझं म्हणावं असं ती एवढं एकच माणूस आहे. रविवारी पालेभाजी घेऊन येते, नखं कापून देते, “काका, गोळ्या?” म्हणून डोळे वटारते. मी गप्प बसलो तर तिला कधीच कळणार नाही. पास्कल बोलायचा नाही. गाडी विकली जाईल, बोल्ट दुसऱ्याच्या दारात जाईल. परवापासून मी हे किती वेळा मनात घोळवलं, ते तुला सांगायला लाज वाटते. आणि सांगितलं तर? तिनं माझं तोंड बघायचं नाकारलं तर? उद्या माझा जबडा दुखायला लागला, तर मी कुणाला फोन करू?

तू असतीस तर म्हणाली असतीस, कशाला सांगता भावोजी, पोरीला त्रास. तुझं हे एकच ऐकणार नाही मी. तुझ्या अशा सांभाळण्यानंच आपण इथवर आलो.

म्हणून शब्द देतो. रविवारी मेधा आली की तिला चपला काढू देणार नाही. गाडीत बसवीन, मी चालवीन आणि पापडीला नेईन. पास्कलच्या दारात, त्याच्यासमोर, सगळं सांगेन: पाइप, बॉनेट, विहीर, तुझं ‘घासून देत जा’. ती रागानं तिथूनच रिक्षा करून गेली तर हाक मारणार नाही. गेटवर ती जे वाक्य पास्कलला म्हणाली, ते माझं होतं. त्याच्याकडून ते परत मागून घेईन आणि घरी घेऊन येईन.

तुझा धाकटा दीर,
वसंत